काय झाडी!

आज पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्यात चहाच्या टपरीवर टीव्ही चालू होता. कोणत्या नेत्याने नाश्त्याला काय खाल्लं, यावर चर्चा! असंच २०२२च्या जूनमध्ये, शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी, गुवाहाटीच्या हॉटेलातून तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ आलं आणि वाहिन्यांची चंगळ झाली. हसू मलाही आलं, खोटं कशाला बोलू? पण झाडी-डोंगर इथेही आहेत की! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोखाड्याच्या मर्कटवाडीत घरीच जन्मलेली जुळी दगावली. रस्ता नाही, म्हणून बाळंतिणीला झोळीत घालून तीनेक किलोमीटर न्यावं लागलं. कॅमेरे आले, दोन दिवसांत गेलेही.

त्याउलट, १९९२ला जव्हारजवळच्या वावर-वांगणीतले बालमृत्यू वर्तमानपत्रांनी लावून धरले. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आलं. चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या तेव्हा नव्हत्या.