वळसा

आमच्या आप्पांचा कुळव सरळ चालायचा. बांधावरून बघितलं की पाळ्या रेघा ओढल्यागत दिसायच्या. पण एका उन्हाळ्यात रानाच्या मधोमध त्यांनी बैल आवरले, वळसा घातला आणि पुढं निघाले. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसलेला. जाऊन बघतो तर उघड्या मातीत टिटवीची चार अंडी. वर ती ओरडत घिरट्या घालत होती. आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तेवढं. पिल्लं निघाली की आपल्या पायानं जातील." हातभर रान तसंच पडून राहिलं.

आई बोलण्यातही वळसा घ्यायची. रात्री सापाचं नाव तिच्या तोंडी यायचं नाही; 'लांबडं' म्हणायची. घरातून निघताना आम्ही 'जातो' म्हटलं की अडवायची. 'येतो' म्हणवून घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही.

पुढं संसाराला लागल्यावर एक वळसा मीही घातला.

एका साली ऐन कांद्यात विहिरीवरची मोटर जळाली. दोस्तानं पाच हजार रुपये काढून दिले. कागद नाही, साक्षीदार नाही. त्याच्या दारातून निघताना मी 'येतो' म्हणालो. कांदा मातीमोल गेला आणि देणं तसंच राहिलं. मग पारावरची वाट सोडून मी ओढ्याच्या अंगानं रानात जायला लागलो. बायकोला सांगायचो, तिकडून सावली हाय. बाजारात तो दिसला की तोंड चुकवायचो. लग्नात तो बसला त्या पंगतीला बसायचो नाही. चालढकल, टाळाटाळ, अंग चोरणं, बगल देणं... आपल्या भाषेत याला शब्दांचा तोटा नाही. सगळेच मला लागू पडत होते. आप्पांनी वळसा घातला तो अंडी वाचावीत म्हणून. मी घातला तो माझं तोंड वाचावं म्हणून.

तो आजारी पडल्याचं कळलं. उद्या जाऊ, पैसे घेऊनच जाऊ, म्हणता म्हणता दीड महिना गेला. एके दिवशी पहाटे त्याच्या घराकडून रडणं ऐकू आलं.

तेराव्यानंतर दोन शेळ्या विकल्या, काही उसने घेतले आणि पैसे घेऊन गेलो. वहिनींनी नोटा मोजल्या नाहीत. म्हणाल्या, "भावजी, पैशाचं नाव त्यांनी कधी काढलं न्हाई. दारात पाय वाजला की इचारायचे, तो आलाय का बघ. वाट वाकडी करून येईल म्हणायचे."

मी खाली मान घालून बसलो. वाट तर मी दोन वर्षं रोज वाकडी केली होती.

आता रानात पारावरूनच जातो. वहिनी दारात असल्या की थांबतो, चहा घेतो. निघताना 'येतो' म्हणायला जीभ अजून अडखळते.