कडा झिजलेला कॅट

सचिन तेंडुलकर हे आमच्या कॅटमधलं सगळ्यांत पडेल पान होतं. कसोट्या ४, धावा २१५, सर्वोच्च ५९, शतकं शून्य. १९८९ च्या पाकिस्तान दौऱ्यानंतर लगेच छापलेल्या ट्रंप कार्डावर दुसरं काय असणार? पानं पिसून निम्मी निम्मी वाटायची, वरचं पान बघून एक आकडा बोलायचा, ज्याचा मोठा त्याला दोन्ही पानं. सचिन वर आला की काय बोलावं तेच सुचत नसे. गावसकर ज्याच्याकडे तो राजा: १२५ कसोट्या, १०१२२ धावा, ३४ शतकं. मात्र बोलायची पाळी समोरच्याची असेल आणि त्याने ‘विकेट’ म्हटलं, तर कोणताही सोम्यागोम्या गोलंदाज गावसकरला खाऊन टाकायचा. कसोटीत सुनीलरावांच्या नावावर विकेट एकच, झहीर अब्बासची.

हा खेळ चालायचा श्रीपूरला, कारखान्याच्या वसाहतीतल्या ओट्यावर. गाव माळशिरस तालुक्यात, पण गावाची ओळख कारखान्यामुळेच. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि तिच्या कारखान्याभोवती हे श्रीपूर वसलं. पुढे साखरेचा धंदा पांडुरंग सहकारी कारखान्याकडे गेला. आम्हा पोरांना मालकीशी कर्तव्य नव्हतं. भोंगा झाला की वडील घरी येणार आणि डाव मोडणार, एवढंच ठाऊक. मळीचा वास पानांनाही लागायचा. (पुण्याच्या पाहुण्यांना तो सोसत नसे, आम्हाला तो वास आहे हेच कळत नसे.)

कॅट अकलूजच्या बाजारातून आणलेला. त्याआधीची माझी पुंजी म्हणजे बबलगमबरोबर येणारी खेळाडूंची चित्रं, १९८७ च्या रिलायन्स कपच्या आसपासची. गम म्हणजे मुख्यतः साखरच, आणि साखरेच्या गावात राहून आम्ही ती पैसे देऊन चघळत होतो, यावर वडील दरवेळी तोच विनोद करायचे.

कॅटमध्ये एक पान घरचं होतं. पॉली उम्रीगर सोलापूरचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा, हे वडिलांनी एकदा जेवताना सांगितलं. १९२६ साली सोलापुरात जन्म, आणि न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला २२३, भारताकडून कसोटीतलं पहिलं द्विशतक. तो कॅटमध्ये नाही याचा मला रागच आला. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, निळ्या बॉलपेनने चौकट आखली. कसोट्या ५९, धावा ३६३१, शतकं १२, विकेट ३५. फोटो नव्हता, म्हणून टोपी घातलेलं एक डोकं काढलं. त्यावरून मोठं भांडण झालं. घरचं पान चालणार नाही, असं एक पार्टी म्हणे. आकडे खरे आहेत ना, मग चालेल, असं दुसरी. शेवटी चाललं.

पण घोळ वेगळाच निघाला. पुठ्ठा तपकिरी. गठ्ठ्यात उम्रीगर वर आला की पाठीवरूनच सगळ्यांना कळायचं.

याचं एका पोराला फार हसू यायचं. बीडकडच्या ऊसतोड टोळीतला होता. गाळप सुरू झालं की कोप्या पडायच्या आणि हा संध्याकाळी ओट्यावर हजर व्हायचा. आकडे त्याला धड वाचता येत नसत, तरी तो हरत नसे. कधीतरी लक्षात आलं, की तो समोरच्याच्या पानाची पाठ बघतो. कोणाचा कोपरा दुमडलाय, कोणावर तेलाचा डाग आहे, कोणाची कड चिरलीय, सगळं त्याला पाठ. कपिल देवच्या पाठीवर आडवी घडी होती. ती दिसली की तो ‘विकेट’ या शब्दाच्या वाटेलाच जात नसे. आम्ही याला लबाडी म्हणायचो. आज मला ती आमच्यापेक्षा बारकाईची नजर वाटते. उम्रीगरच्या पानापुरते मात्र आम्ही सगळे त्याच्या बरोबरीचे होतो. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळी परतायची आणि आमच्या खेळातली मजाच जायची.

मध्ये बरीच वर्षं कॅटचा खोका कपाटावर होता. शिक्षण, नोकरी, बदल्या, कोणाला आठवणार? यंदा खाली काढला आणि पानं पालथी टाकली, तर कपिल मला पाठीवरून ओळखता आला.

न्यू जर्सीच्या भाच्याला फोटो पाठवले. त्याच्याकडे बेसबॉलच्या कार्डांचे खोके आहेत, त्याच्या भाषेत रद्दी. ही विद्या त्याच्याकडूनच कळली. टॉप्स ही गमवाली कंपनी. तिचं १९५२ चं मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. पोरांनी ती कार्डं हरवली, आयांनी फेकली, कंपनीनेही न खपलेले खोके समुद्रात बुडवले. म्हणून उरलेल्यांना भाव. जुन्या कार्डांना भाव येतो, ही बातमी पसरल्यावर १९८० च्या दशकातच लोकांनी नवी कार्डं जपून ठेवायचा सपाटा लावला, कंपन्यांनीही ढिगाने छापली, आणि आता ती कोणी फुकट घेईना. शिवाय तिथे कार्डाला दहापैकी गुण देतात. कोपरे तीक्ष्ण हवेत, घडी नको, डाग नको. बीडच्या त्या पोराला ज्या खुणांनी पान कळायचं, नेमक्या त्याच खुणांना तिथे गुण कापतात.

‘मामा, तुमच्या सगळ्यांना एकच गुण मिळेल,’ भाचा म्हणाला. मग जरा थांबून, ‘पण हा टोपीवाला कोण?’

मी सांगायला लागलो. १९६२, पोर्ट ऑफ स्पेन, समोर वेस्ट इंडिज. एकाच कसोटीत पाच बळी, पहिल्या डावात ५६, दुसऱ्यात नाबाद १७२. सामना हरलोच, ते वेगळं.

‘एकच माणूस? बॉलिंगही आणि बॅटिंगही? म्हणजे ओतानीच की!’

‘कोण ओतानी?’ मी विचारलं, आणि आता सांगायची पाळी त्याची होती.