पत्ता अपर वरळी, मुक्काम पोस्ट गिरणगाव

सकाळी साडेनऊला लोअर परळ स्टेशनवर उतरायचं म्हणजे उतरावं लागतच नाही, गर्दीच तुम्हाला उतरवते. गळ्यात आयडी कार्ड, कानात इअरफोन, पाठीवरची लॅपटॉप बॅग पोटावर घेतलेली. जिन्यावर एकमेकांच्या टाचा तुडवत आपण सगळे नऊ पंचेचाळीसच्या पंचिंगच्या दिशेने निघालेले असतो. याच रस्त्यांवर पन्नास वर्षांपूर्वीही अशीच गर्दी धावायची. तिच्या हातात डबा असायचा आणि पंचिंग मशीनऐवजी गिरणीचा भोंगा वाजायचा.

तुमच्यापैकी निम्मे जण रोज या भागात येतात. इथलं सॅलड, इथली क्राफ्ट बिअर, इथला सेल सगळं पाठ असतं. पण स्टेशनच्या पूर्वेला, करी रोड-लालबागच्या बाजूला किती जण कधी गेलेत? या वेळच्या भटकंतीत मी तिथेच जायचं ठरवलं. पासपोर्ट नको, बॅग नको, पायात बरे बूट असले की झालं.

'लोअर' शब्द खटकतो!

सुरुवात मात्र पश्चिमेकडून, एका ब्रोकरबरोबर. मी वन बीएचके भाड्याने बघते आहे म्हटल्यावर त्याने पहिलाच धडा दिला, "मॅडम, लोअर परळ नका म्हणू. अपर वरळी म्हणा." काही बिल्डरांच्या जाहिरातींनी हे नाव रुजवलं. खालच्या परळमध्ये कोटीचा फ्लॅट घ्यायला लोक कचरत असावेत, वरच्या वरळीत घेतात.

भाड्याचा आकडा पाऊण लाखाच्या आसपास ऐकला आणि मी मनातल्या मनात माझ्या सगळ्या लेखांचं मानधन एकत्र केलं. पुरलं नाही. फ्लॅट छानच होता. हॉलच्या खिडकीतून समुद्राची एक निळी रेघ दिसत होती. बेडरूमच्या खिडकीला मात्र जाड पडदा होता आणि ब्रोकरला तो उघडायची घाई नव्हती. मीच बाजूला केला. खाली चाळींची कौलं, त्यावर निळी ताडपत्री, गॅलरीत वाळणाऱ्या चादरी. "ते पण जाणार आहे मॅडम, दोन-चार वर्षांत," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला.

या टॉवरांच्या पोटात काय आहे ते जरा बघू. प्रभादेवी स्टेशनजवळची काचेची ऑफिसं म्हणजे ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन मिल. वर्ल्ड टॉवर्स उभे आहेत ती श्रीनिवास मिल. फिनिक्स, कमला, मथुरादास, रघुवंशी यांनी निदान नावं तरी ठेवली आहेत.

शिफ्टमध्ये झोपणारी माणसं

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये ताडदेवला काढली गेली. पुढच्या शंभर वर्षांत ताडदेव, भायखळ्यापासून परळ, नायगावपर्यंत चिमण्याच चिमण्या झाल्या आणि त्या सगळ्याला नाव पडलं गिरणगाव. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून माणसं आली, ती बहुतेक एकटी. दहा बाय बाराच्या गाळ्यात पंधरा-वीस जण राहायचे. जमायचं कसं? पहिल्या पाळीचे कामावर गेले की तिसऱ्या पाळीचे झोपायला यायचे. वळकटी आणि पत्र्याची ट्रंक एवढीच इस्टेट. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

आता तुमचा-माझा पीजी आठवा. टू बीएचकेत सहा मुली, फ्रिजमध्ये प्रत्येकीचा एकेक कप्पा, नाइट शिफ्टवाली सकाळी आली की डे शिफ्टवालीचा अलार्म वाजतो. डबा महिन्याच्या बोलीवर एका काकूंकडून. फरक एवढाच की गाळ्यातला माणूस जो पगार घ्यायचा, त्यातून मुलुखात मनीऑर्डर जायची. आपला अर्धा पगार घरमालकाकडे जातो.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

गोळी जमिनीच्या मागे मागे

करी रोडचा पूल ओलांडला की भारतमाता, तिथून उजवीकडे वळून सरळ गेलं की लालबाग, चिंचपोकळी. साने गुरुजी मार्गाने, आर्थर रोड जेलवरून सात रस्त्याला या. तिथून दगडी चाळ जवळच. ओला-उबरवाल्यालाही पत्ता सांगावा लागत नाही. सिनेमांमुळे आपल्याला हा भाग 'भाई' लोकांचा म्हणूनच माहीत. बाबू रेशीम, रमा नाईक, अरुण गवळी ही नावं इथलीच. गवळी पुढे २००४ मध्ये चिंचपोकळीतून आमदारही झाला. नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७ मधल्या हत्येसाठी २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने जामीन दिल्यावर तो बाहेर आला.

पण टोळ्यांच्या या गोष्टीत पिक्चरवाले एक पात्र बहुतेक वेळा विसरतात. ते पात्र म्हणजे जमीन. ७ मे १९९४ ला खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ त्यांच्या गाडीत गोळ्या घातल्या गेल्या. भायखळ्याची गिरणी बोरिवलीला हलवायची आणि मोकळी जागा विकायची, असा त्यांचा बेत होता. पोलिसांनी अमर नाईक टोळीकडे बोट दाखवलं. १६ जानेवारी १९९७ ला पवईत दत्ता सामंतांची हत्या झाली. त्या खटल्यात छोटा राजन २०२३ मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटला.

बेकार झालेली पोरं, बंद गिरण्या आणि सोन्याच्या भावाची जमीन एकाच गल्लीत असतील तर तिथे टोळी नाही तर काय भजनी मंडळ निघणार? (तशी भजनी मंडळंही इथे भरपूर होती, तो भाग वेगळा.) १९९९ मध्ये मोक्का आला, एन्काउंटर झाली, टोळ्या विरल्या. मग आली काच, एसी आणि व्हॅले पार्किंग. भाग एकदम 'सेफ' झाला, असं ब्रोशर सांगतं.

सेफ कोणासाठी?

२९ सप्टेंबर २०१७. पावसाळी सकाळ, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा अरुंद पादचारी पूल. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, माणसं वाढली, पूल तेवढाच राहिला. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कमला मिल कंपाउंडमधल्या रूफटॉप रेस्टॉरंट्सना आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. पार्टीला आलेली, आपल्यासारखीच मंडळी. दोन्ही ठिकाणी कोणी पिस्तूल काढलं नव्हतं. या भागातला जीवघेणा गुन्हा आता असा दिसतो. बेकायदा शेड, अडवलेली वाट, न रुंदावलेला पूल.

आणि काही गोष्टी तर पूर्ण कायदेशीर. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचीच करायची असं ठरलं. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळीकडे शेडच! मैदानं आणि कामगारांची घरं आक्रसली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा बदल ग्राह्य धरला. त्याआधी २००५ मध्येच सरकारी एनटीसीने मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जागा डीएलएफला ७०२ कोटींना विकली होती. २०१२ मध्ये तीच जागा लोढांकडे गेली, सुमारे २,७०० कोटींना. सात वर्षांत जवळजवळ चौपट. मधल्या काळात तिथे कोणी एक मीटर कापडही विणलं नाही.

"पोरी, जिना चढवत नाही आता"

लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एका काकांकडे चहा झाला. सत्तरी ओलांडलेले, साचा खात्यात होते. मी नको तेवढी भावुक होऊन विचारलं, "काका, चाळ गेली तर वाईट नाही वाटणार?" ते हसले. "वाईट काय वाटायचंय पोरी? संडास गॅलरीच्या टोकाला. हिचे गुडघे गेलेत. रात्री दोनदा उठावं लागतं. तू राहतेस का इथे?"

गप्प बसले. चाळीच्या नॉस्टॅल्जियावर आपण शॉर्ट फिल्म करतो, तिथे पाणी भरत नाही. पुनर्विकास हवा आहे आणि तो इथल्यांनाच सगळ्यात जास्त हवा आहे. त्यांची भीती वेगळी आहे.

काका पागडीवर आहेत. भाडं महिन्याला काहीशे रुपये. शहर बेटावर अशा जुन्या उपकरप्राप्त इमारती सुमारे १३ हजार. गणित साधं आहे. निम्म्याहून जास्त भाडेकरूंनी संमती दिली की बिल्डर चाळ पाडतो, जादा एफएसआय मिळवतो, भाडेकरूंना किमान ३०० स्क्वेअर फुटांचं घर फुकट देतो आणि उरलेले फ्लॅट बाजारात विकून नफा काढतो. कागदावर सगळेच जिंकतात.

अडतं ते मधल्या काळात. घर रिकामं करून माणूस डोंबिवलीला भाड्याने जातो, पोरांची शाळा बदलते, बिल्डरकडून दरमहा भाड्याचा चेक येतो आणि मग एक दिवस चेक येत नाही. गोरेगावच्या पत्रा चाळीत ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ मध्ये झाला. २०१८ मध्ये त्यात आर्थिक गुन्हे शाखेला गुन्हा नोंदवावा लागला. ती गोष्ट गोरेगावची असली तरी लालबागच्या प्रत्येक चाळीच्या मीटिंगमध्ये ती कोणीतरी काढतंच.

चेक वेळेवर आले, टॉवर उभा राहिला, तरी पुढे प्रश्न आहेच. लिफ्ट आली की मेंटेनन्स आला. "भाड्याची भीती मला जन्मात वाटली नाही," काका म्हणाले, "मेंटेनन्सची वाटते." पेन्शन तुटपुंजी, मुलगा खाजगी नोकरीत. शेजारच्या टॉवरमध्ये गेलेल्या त्यांच्या ओळखीच्या एकाने फ्लॅट विकला आणि बदलापूरला मोठं घर घेतलं. त्याला कोणी धमकावलं नाही, हाकललं नाही. दर महिन्याच्या बिलाने त्याला हळूहळू स्टेशनं मोजायला लावलं, एवढंच.

काकांनी गिरणी कामगारांच्या घरासाठीही फॉर्म भरलाय. असे अर्ज आहेत सुमारे पावणेदोन लाख. १ मार्च २०२० च्या लॉटरीत घरं निघाली ३,८९४. उरलेल्यांना शेलू-वांगणीला घरं देण्याची योजना आली. बदलापूरच्याही पुढे! त्याविरोधात जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. ज्या हातांनी लालबाग वसवलं, त्यांना कर्जत लोकल दाखवायची, हे कोणाला पटणार?

चांगली बातमीही आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याच जागी, त्याच वस्तीत. म्हणजे ठरवलं तर होतं. ना. म. जोशी मार्ग आणि नायगावच्या चाळी रांगेत आहेत. आता बघायचं ते हे, की दहा वर्षांनी त्या दारांवर तीच आडनावं असतील का. टॉवर किती मजली झाला यापेक्षा मला हा हिशेब महत्त्वाचा वाटतो.

आणि आपण? आपण व्हिलन नाही. आपल्यालाही ऑफिसजवळ डोकं टेकायला जागा हवी. पण आपण देतो त्या पाऊण लाखावरूनच शेजारच्या चाळीची किंमत ठरते, एवढं तरी ठाऊक असावं. आपला घरमालक उद्या भाडं वाढवेल तेव्हा आपणही एकेक स्टेशन मागे सरकणार आहोतच.

करून बघा

• कधी : शनिवारी सकाळी, दहाच्या सुमारास. गणपतीत गेलात तर परिसर दिसणार नाही, फक्त पुढच्याची पाठ दिसेल. (लालबागचा राजा १९३४ पासून बसतोय, तो बाकीच्या दिवसांत वाट बघणार नाही.)

• कसं : लोअर परळला पूर्वेला उतरा, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी, करी रोड पूल, भारतमाता, लालबाग, चिंचपोकळी, सात रस्ता. रमतगमत अडीच तास.

• काय घ्याल : चिवडा गल्लीतला चिवडा आणि मसाला बाजारातून आईसाठी मालवणी मसाला. मिरच्या भाजल्याचा खाट नाकात जातो, रुमाल ठेवा.

• काय टाळाल : दारात बसलेल्यांचे न विचारता फोटो. विचारलंत तर चहाही मिळतो.

• सोबत काय न्याल : एक प्रश्न. ज्या बिल्डिंगमध्ये काम करता, तिथे आधी कोणती गिरणी होती? वॉचमनला विचारा. गावातला असेल तर खात्यासकट सांगेल.