जुनी जावा आणि म्हैसूरचा रस्ता

म्हैसूर म्हटले की राजवाडा डोळ्यांसमोर उभा राहतो, दसऱ्याची अंबारी आठवते, चंदनाचा सुवास दरवळतो आणि म्हैसूरपाकाने तोंडाला पाणी सुटते. पण ज्यांच्या घरी वडिलांची किंवा काकांची जावा नाहीतर येझदी होती, त्यांच्या लेखी या शहराची आणखी एक ओळख आहे. रेल्वे स्टेशनपासून जवळच असलेल्या यादवगिरी भागात आयडियल जावा कंपनीचा कारखाना होता. चेकोस्लोव्हाकियातल्या मूळ गाडीच्या धर्तीवर १९६१ पासून इथे मोटारसायकली बनू लागल्या. आधी टाकीवर ‘जावा’ हे नाव असे, सत्तरच्या दशकात ‘येझदी’ आले. पुढे कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी तंत्राच्या गाड्या रस्त्यावर आल्या, धुराचे नियम कडक होत गेले आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले. ही दोन्ही नावे अलीकडे पुन्हा बाजारात आली आहेत, पण त्या गाड्या निराळ्या. म्हैसूरच्या जुन्या गाड्या होत्या तेवढ्याच. त्यांत आता भर पडायची नाही.

मग कारखाना बंद होऊन इतकी वर्षे लोटलेली गाडी कुणी विकत का घ्यावी? हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, आणि बहुधा गृहिणीच विचारते. तिचे चुकतही नाही. तेवढ्या पैशांत बटण दाबताच सुरू होणारी गाडी मिळत असताना हे जुने लोखंड दारात कशाला? या प्रश्नाला हौशी माणसाकडे तोंडी उत्तर नसते. ते रस्त्यावर मिळते.

आधी कागद, मग किक

हौसेला मोल नसले, तरी व्यवहाराला डोळे हवेत. जुनी गाडी घेताना रंग आणि क्रोम यांवर भुलू नये. इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर आर.सी. बुकाशी ताडून पाहावा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ती वाढवली आहे का आणि विमा चालू आहे का, हे विचारावे. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र आधी मागावे. कागद नसलेली गाडी फुकट मिळाली तरी महागच पडते.

कागद जमले की गाडीच्या सवयी शिकायच्या. जावाची किक आणि गिअर यांना दांडी एकच. ती आत दाबून वर फिरवली की किक होते, इंजिन सुरू झाल्यावर खाली आणली की गिअर. पाहुणा म्हणून आलेला मित्र किक शोधत उजवीकडे वाकतो, तेव्हा मालकाला होणारा आनंद काही औरच! सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. इंजिन टू स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते, लिटरला साधारण ३० ते ४० मिलिलिटर. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि गाडी धूर ओकू लागते. म्हणून पेट्रोल पंपावर मालकाला स्वतः उतरून मापाकडे लक्ष द्यावे लागते.

डोंगर चढताना, उतरताना

अशा गाडीची खरी ओळख चामुंडी डोंगरावर होते. शहराला खेटून असलेल्या या डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. भाविक सुमारे हजार पायऱ्या चढून देवीला जातात. वाटेत एकाच दगडात कोरलेला भला थोरला नंदी बसला आहे. मोटारसायकलीसाठी वळणावळणाचा रस्ता आहे. चढाला गाडी कण्हायच्या आत गिअर उतरवावा, ही समज आवाजावरून येते. कुठलाही काटा ती देत नाही.

उतारावर मात्र नवखा फसतो. ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गाडी घरंगळू दिली, तर पेट्रोल जवळजवळ थांबते आणि त्याबरोबर इंजिनाला मिळणारे ऑइलही. म्हणून जाणकार स्वार उतारावर अधूनमधून क्लच दाबून मूठ हलकेच पिळतो. ड्रम ब्रेकही जेमतेम, तेव्हा वेग आधीच आवरावा लागतो. खाली राजवाड्याचे घुमट दिसत असतात, पण नजर वळणावर ठेवावी लागते.

डोंगर उतरून नंजनगूडच्या रस्त्याला लागले की गाडी मोकळी होते. कपिलेच्या काठचे श्रीकंठेश्वराचे मंदिर आणि रसाळ केळी यांसाठी हे गाव प्रसिद्ध. पुढे गुंडलुपेट. पावसाळ्यात या बाजूला सूर्यफुलांची शेते पिवळीधमक होतात. ताशी ५० च्या वेगाने जाणाऱ्याला ती फुले दिसतात, ओल्या मातीचा वास येतो आणि शेतातल्या माणसाने वर केलेला हातही टिपता येतो.

मग येते बंडीपूरचे जंगल. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. २००९ पासून इथला हमरस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहतुकीला बंद असतो आणि दिवसाही जंगलात थांबायला मनाई आहे. जुन्या गाडीच्या मालकाची कसोटी इथेच लागते. कडेला चितळांचा कळप चरत असतो, हत्तीची ताजी लीद रस्त्यावर पडलेली असते आणि कान मात्र इंजिनाकडे लागलेले असतात. प्लगने इथे दगा दिला तर? म्हणून शहाणा माणूस फाटकाच्या अलीकडेच गाडी थांबवतो, प्लग काढून पुसतो, खिशात दुसरा ठेवतो आणि मगच आत शिरतो.

तरीही गाडी कधीतरी बंद पडतेच. गुंडलुपेटच्या अलीकडे ती कडेला लावली की पाच मिनिटांत कुणीतरी थांबते. चहाच्या टपरीवरचा म्हातारा उठून जवळ येतो, टाकीवरून हात फिरवतो आणि आपल्याकडेही एके काळी अशीच होती, हे कानडीत सांगू लागतो. भाषा कळत नाही, पण प्लग पाना धरायला त्याचे दोन हात पुढे आलेले असतात. नव्या गाडीवर हाच रस्ता निम्म्या वेळात संपला असता. हा म्हातारा भेटला नसता.

जुन्या जावाचा ६ व्होल्टचा दिवा मिणमिणता असतो, म्हणून उजेडातच परतायचे. तो दिवस रविवार असेल, तर म्हैसूर गाठेपर्यंत संध्याकाळ झालेली असते आणि राजवाड्यावरचे लाखभर दिवे एकदम उजळतात. गर्दीत एका बाजूला गाडी उभी करून स्वार आधी पेट्रोलचा कॉक बंद करतो. तो विसरला तर सकाळी किक मारून पायाचे तुकडे पडतील. मग तो वर बघतो. मागच्या सीटवरून उतरलेली, दिवसभर धूर खाल्लेली बायको म्हणते, “पुढच्या खेपेला उशी आणू या.”