मागील पानावरून पुढे

खून ही मुळात एकदाच होणारी गोष्ट आहे. लग्न दोनदा होऊ शकते, राहिलेले बारसे पहिल्या वाढदिवसात उरकता येते, प्रमोशनची परीक्षा तर मी स्वतः चार वेळा दिलेली आहे. पण एका माणसाचा खून दोनदा होत नाही. गुन्हेगार सापडला, त्याला बेड्या पडल्या, इन्स्पेक्टरसाहेबांनी चहा मागवला, की रहस्यकथा संपली. वाचकाने दिवा मालवून झोपावे. असे असताना रहस्यकथेला ‘भाग दुसरा’ लागतो कशाला, हा प्रश्न माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाला पडणे अगदी स्वाभाविक आहे. जे खाते चुकते झाले ते पुन्हा उघडायचे कशासाठी?

वाचकाची भूक दांडगी असते, हे मला मान्य आहे. कॉनन डॉयलने १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून हात झटकले. वाचकांनी असा काही गिल्ला केला की १९०३ साली त्याला जिवंत करून परत आणावे लागले. आमच्या बँकेत ‘मयत’ शेरा पडलेला खातेदार दहा वर्षांनी काउंटरवर येऊन उभा राहिला, तर मॅनेजर तडक रजेवर जाईल. वाचकांनी मात्र होम्सला हयातीचा दाखलासुद्धा मागितला नाही.

पण होम्स काय, आपल्या बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार काय, किंवा भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे काय, या मंडळींची नवी गोष्ट म्हणजे बहुधा नवे कोरे पासबुक. फेणे ‘ट्टॉक’ करतो, सायकलवर टांग मारतो आणि मागचे सारे विसरून नव्या भानगडीत उडी घेतो. मागच्या चोराचे आईवडील त्याला भाजीबाजारात भेटून जाब विचारत नाहीत. इतके उद्योग करून पोरगा शाळेतला शाळेतच! मी अर्नाळकरांवर वाढलो तो याच भरवशावर, की एकदा पुस्तक मिटले की हिशेबही मिटला.

या समजुतीला पहिला धक्का बसला तो एका गाइडमुळे. आमची कन्या दहावीत आहे. तिच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसले. शेजारच्या काकूंनी त्यावरचा ‘गाइड’ एवढाच शब्द वाचला आणि “या वर्षी कुठल्या विषयाचं बदललं गं?” म्हणून विचारले. मी चष्मा लावून उरलेले शब्द वाचले. ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर.’ चांगल्या मुलीने खून कसा करावा, याचे मार्गदर्शन! सौ.ने तर कणीक मळता मळता माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू ते मीच आणून दिले होते.

प्रत्यक्षात काकू फारशा चुकल्या नव्हत्या. हॉली जॅक्सन या इंग्रज लेखिकेची ही कादंबरी २०१९ची. तिची नायिका पिप ही सतरा वर्षांची हुशार पोरगी, आणि ती खुनाचा तपास करते तो चक्क शाळेच्या प्रकल्पासाठी. पाच वर्षांपूर्वी गावातली एक मुलगी नाहीशी झाली. तिच्या मित्राने, साल सिंग याने, तिला मारले आणि आत्महत्या केली, असे सांगून पोलिसांनी फाइल बांधून टाकली. साल असे करणार नाही, ही पिपची खात्री. मग ती त्याच्या धाकट्या भावाला, रवीला, हाताशी धरून एकेक दार ठोठावत सुटते. आमच्या वेळी प्रकल्प म्हणजे वहीत पिंपळाची पाने चिकटवणे!

गाव काल्पनिक, बकिंगहॅमशायरमधले. गंमत म्हणजे अमेरिकन आवृत्तीत तेच गाव उचलून कनेक्टिकटमध्ये नेऊन ठेवले आहे. माणसे तीच, खून तोच, फक्त ठिकाण वेगळे. आम्ही याला बदली म्हणतो. फरक एवढाच की खुनाला घरभाडे भत्ता मिळत नाही.

कन्येने पहिला भाग दोन दिवसांत संपवला आणि दुसऱ्यासाठी घर डोक्यावर घेतले. दुसरा भाग, ‘गुड गर्ल, बॅड ब्लड’, २०२०चा. त्याबद्दल सांगायचे तर मोठी पंचाईत आहे, कारण दुसऱ्याविषयी तोंड उघडले की पहिल्यातला गुन्हेगार बाहेर पडतो. वाचनालयातही नेहमी दुसराच भाग जागेवर असतो आणि पहिला कोणीतरी नेलेला असतो. त्यामुळे कित्येक सज्जनांना आधी गुन्हेगार कळतो आणि मागाहून गुन्हा. मी तेवढे पाप करणार नाही. साल निर्दोष होता, एवढेच बोलतो आणि गप्प बसतो.

तर दुसऱ्या भागात पिपने तपासाचा नाद सोडलेला आहे. पण तिच्या एका मित्राचा चोवीस वर्षांचा भाऊ बेपत्ता होतो. पोलीस म्हणतात, मोठा माणूस आहे, येईल आपला आपण. मित्र पिपच्या दारात येऊन उभा राहतो. पुढे मुलाखती, फोटो, कागदपत्रे सगळी आपल्या हातात ठेवलेली. व्हाउचर पाहिल्याशिवाय सही न करणारा मी, एकदम खूश झालो. यात वाचकाला कोणी ‘तू लहान आहेस’ म्हणत नाही. कागद पुढ्यात टाकतात आणि म्हणतात, तूच ताळा जमव.

पण खरी मेख तपासात नाहीच. पिपने पहिल्या भागात उघडे पाडलेले लोक त्याच गावात आहेत. त्यांतल्या एका श्रीमंत पोराचा खटला चालू आहे. पिपने सगळी हकिगत पॉडकास्टवरून जगाला ऐकवली आहे, त्यामुळे ज्यांनी तिला पाहिलेही नाही तेसुद्धा तिचा न्याय करायला बसले आहेत. मागच्या पुस्तकातली प्रत्येक नोंद व्याजासकट समोर येते.

मी कन्येला विचारले, “पहिल्यात सगळा उलगडा झाला होता की. मग याची एवढी घाई कशाला?”

“बाबा, पहिल्यात तिला खरं कळतं. ते सांगितल्यावर काय होतं, ते याच्यात आहे.”

मी म्हटले, “काय होणार? सगळे शाबासकी देतात.”

ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, “सहलीच्या पैशांचं आठवतं ना?”

आठवत होते. गेल्या वर्षी वर्गातले सहलीचे पैसे गेले आणि आळ आला एका गरीब, अबोल मुलावर. कोणी घेतले ते हिने पाहिले होते. तिने बाईंना जाऊन सांगितले. पैसे मिळाले, मुलगा सुटला, ‘प्रकरण मिटले’ असा निरोप घरी आला. त्या रात्री सौ.ने शिरा केला होता.

“दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचं असतं, बाबा,” ती म्हणाली. “दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझ्या बाकावर कोणी बसत नव्हतं. तो मुलगासुद्धा नाही. त्याला भीती वाटायची.”

“मग? पुन्हा असं झालं तर सांगशील?”

“सांगणार ना. पण पिपचं काय होतं ते वाचून ठेवलेलं बरं.”

शिऱ्यापाशी संपलेल्या त्या गोष्टीचा दुसरा भाग माझ्या घरात तीन महिने चालू होता आणि त्याची एकमेव वाचक डबा घेऊन रोज शाळेत जात होती. फास्टर फेणेवर माझे प्रेम आहे ते राहीलच. पण एकटीने बाकावर बसलेल्या मुलीला कोणी सोबत द्यायची तर ती पिपच देऊ शकते.

तसे पाहिले तर हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ३१ मार्चला रात्री आम्ही खाती बंद करतो, पेढे खातो, आणि १ एप्रिलला तीच शिल्लक आरंभीची शिल्लक म्हणून पहिल्या ओळीत येऊन बसते. खरे बोलण्याचेही तसेच. रक्कम जमा झाली, तरी ओढायची रेघ ही नुसती पानाच्या तळाची.

या मालिकेचा तिसरा भाग २०२१ साली निघाला. तो आणला आहे. आधी कन्या, मग मी, असा नंबर लागला आहे. सौ.चा नंबर नाही. तिने पुस्तक घरात आल्याबरोबर उभ्या उभ्या शेवटचे पान वाचले आणि तेव्हापासून ती कन्येला रोज न मागता शिरा करून घालते आहे. काय वाचले, ते मात्र सांगत नाही.