कर्ता हरवलेलं कलम

तालुक्याच्या गावातलं जुनं वाचनालय. तीन वर्षांचे हिशेब धर्मादाय कार्यालयात गेलेच नव्हते. पैसा कुणी खाल्ला नव्हता. पावतीपुस्तकं, व्हाउचरं, सगळं जागेवर होतं. चिटणीसांना वाटत होतं खजिनदार बघतायत, खजिनदारांना वाटत होतं चिटणीस. मी संस्थेची घटना मागवली. हिशेबाचं कलम एका ओळीचं निघालं: ‘संस्थेचे हिशेब योग्य प्रकारे ठेवण्यात येतील व वेळोवेळी सादर करण्यात येतील.’

व्याकरण चोख. त्यात माणूस तेवढा नाही.

कर्तरी-कर्मणी आम्ही शाळेत मार्कांपुरतं शिकलो. त्याचा खरा उपयोग मला सीए झाल्यावर कळला. ‘ठेवण्यात येतील’ म्हटलं की सगळे मोकळे. संस्थेची घटना लिहायला बसलो की मी आधी असली क्रियापदं खोडतो, मग ‘योग्य’, ‘वेळोवेळी’ आणि ‘आवश्यकतेनुसार’. हा शेवटचा शब्द तर फार लबाड. आवश्यकता कुणाला वाटायची, ते कधीच लिहिलेलं नसतं.

कायदा असा गुळमुळीत बोलत नाही. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम (तेव्हा मुंबईचा, आता महाराष्ट्राचा) विश्वस्तांवर हिशेबाची जबाबदारी टाकतो. ताळेबंद परिशिष्ट आठच्या नमुन्यात, उत्पन्न-खर्च पत्रक नऊच्या, हिशेबतपासणी वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत. पण कायदा वर्षातून एकदाच विचारणार. एरवी कार्यकारिणीनं काय बघायचं, हे संस्थेलाच लिहावं लागतं. वाचनालयासाठी मी लिहिलं: ‘खजिनदार दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत मागील महिन्याचे जमाखर्च पत्रक कार्यकारिणीस लेखी देतील. त्यात अंदाजपत्रकी रक्कम, प्रत्यक्ष रक्कम व फरक असे तीन रकाने असतील. फरक दहा टक्क्यांहून अधिक असल्यास त्याचे कारण लिहितील.’

‘शिल्लक’ हा शब्द मात्र मी कलमात एकटा सोडत नाही. बँकेत चार लाख शिल्लक आहेत असं सांगितलं की सभेत माना डोलतात. त्यातले साडेतीन लाख देणगीदारांनी इमारतीसाठीच दिलेले असतात. म्हणजे दिवाबत्ती आणि पगाराला उरतात पन्नास हजार. कुणी लबाडी केलेली नसते, तरी सभा चुकीच्या आकड्यावर ठराव करून उठते. म्हणून पत्रकात निर्धारित निधी आणि सर्वसाधारण निधी वेगवेगळे दाखवायचे, आणि इमारत निधीतून उसने घेतले असतील तर तेही त्याच पानावर, तळटीपेत नाही. यावर माझा हट्ट असतो. (‘नफा’ शब्द दिसला तर तिथे मुकाट्याने ‘वाढावा’ लिहितो.)

कायद्याची कलमं आणि फॉर्मचे नंबर घटनेत घालू नयेत. ‘प्राप्तिकर कायदा, १९६१, कलम १२-ए’ असं हौसेनं छापून घेतलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. आता २०२५चा नवा कायदा आला, लागू होण्याची तारीख १ एप्रिल २०२६, आणि कलमांचे क्रमांकच बदलले. ‘त्या त्या वेळी लागू असलेल्या कायद्यानुसार’ एवढं पुरतं.

वाचनालयाच्या वार्षिक सभेत नवं कलम वाचून दाखवलं. खजिनदार अण्णा पंचाहत्तरीचे. त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि साहेब, मीच अंथरुणाला खिळलो तर?”

मी तिथल्या तिथे पेननं जोडलं: ‘खजिनदार नसतील त्या महिन्यात चिटणीस देतील.’

चिटणीसांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “पुन्हा एकदा वाचा बरं ते.”