विमान विकणे आहे!

मंगळवार, दुपारचे साडेतीन. डोक्यावर डेडलाइन, समोर गार झालेली कॉफी आणि फोनवर लातूरची काकू.

"माय, भंगारवाला दारात उभाय. काकांचं सगळं मिळून सहाशे देतो म्हणतोय. देऊन टाकू का?"

सगळं म्हणजे पाच विमानं, सात इंजिनं, एक रिमोट, दोन ट्रंका भरून सुटे भाग आणि बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या. माझे मोठे काका गेल्या दिवाळीनंतर गेले. बँकेत नोकरी, नांदेडला सतरा वर्षं, रिटायर झाल्यावर लातूर. आणि आयुष्यभराचा एकच नाद, एअरोमॉडेलिंग. म्हणजे खेळण्यातली वाटणारी, पण खऱ्या इंजिनावर खरंच उडणारी छोटी विमानं बनवायची आणि माळावर नेऊन उडवायची.

"काकू, थांब. त्याला चहा दे आणि परत पाठव. मी शनिवारी येते."

म्हटलं खरं. पण त्यातलं मला काय कळत होतं? शून्य.

हा नाद काकांना लागला तो उदगीरला. उदगीरहून बिदर जवळ आणि बिदरला हवाई दलाचा मोठा ट्रेनिंग तळ. नवशिके पायलट तिथे शिकतात, सूर्यकिरण टीमचं घरही तेच. सीमेवरच्या गावांतल्या पोरांना शाळेच्या खिडकीतून विमानं दिसायची. काकांनी पायलट व्हायचं म्हटलं, आजोबांनी बँकेची परीक्षा द्यायला सांगितली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, मराठवाड्यातल्या निम्म्या घरांत हीच गोष्ट आहे.

काकांची एक ट्रंक अजून नांदेडला त्यांच्या मित्राकडे होती, म्हणून आधी नांदेड. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरली आणि सकाळी पाय आखडलेल्या अवस्थेत उतरले. नांदेडला पहिल्यांदा जात असाल तर एक ऐका, हॉटेलच्या नाश्त्याच्या नादी लागू नका. सरळ सचखंड गुरुद्वाऱ्यात जा, डोक्यावर रुमाल बांधा आणि लंगरमध्ये बसा. शेजारी पंजाबहून आलेलं कुटुंब, पलीकडे हिंगोलीचा शेतकरी, मध्ये लॅपटॉपची बॅग सांभाळत मी. गरम डाळ, पोळी, आणि कुणी तुम्हाला विचारत नाही की आलात कशाला. मग गोदावरीच्या घाटावर दहा मिनिटं. एवढं झालं की माणूस कुठल्याही कामाला तयार होतो.

काकांचे मित्र टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. आम्ही लहानपणापासून त्यांना टेलिफोनवाले काकाच म्हणतो. ते हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, फोन बंद पडले, तेव्हा बाहेरून आलेल्या हॅम मंडळींनी रेडिओवरून निरोप पोहोचवले होते. ते पाहून यांनी परवाना काढला.

"आमच्यात माणूस मेला असं म्हणत नाहीत," त्यांनी सांगितलं. "सायलेंट की म्हणतात. मोर्सची कळ शांत झाली. आणि मग बाकीच्यांचं काम सुरू होतं. घरी जायचं, सेट ओळखायचे, वहिनींना खरा भाव सांगायचा, आणि परवाना असलेलंच गिऱ्हाईक शोधायचं."

विमानवाल्यांचंही परदेशात असंच चालतं म्हणे. ब्रिटन-अमेरिकेत मॉडेल क्लबांचे सभासद गेलेल्याच्या घरी जातात, यादी करतात, इंजिन चालवून बघतात, क्लबच्या लिलावात किंवा बाजारात विकून पैसे घरच्यांच्या हातात ठेवतात. काही ठिकाणी हे काम चक्क धर्मादाय म्हणून चालतं. मला ऐकून गंमत वाटली. मग काकू आणि तो भंगारवाला डोळ्यांसमोर आले आणि गंमत गेली.

"आपल्याकडे तेराव्याला दोनशे माणसं जेवतात," टेलिफोनवाले काका म्हणाले, "पण कपाटातलं इंजिन ओळखणारा एक येत नाही."

मग त्यांनी ट्रंक उघडली आणि माझी शिकवणी घेतली. जाम झालेलं इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नव्हे. या इंजिनांच्या तेलात एरंडेल असतं, ते वर्षानुवर्षं पडून वार्निशसारखं घट्ट होतं. जोर लावून फिरवायचं नाही, गरम करायचं. खोकी, पाने, कागद काही फेकायचं नाही, डब्यासकट इंजिनाला भाव जास्त. फुगलेली लिथियम बॅटरी विकायची नाही, फुकटही द्यायची नाही. उरलेलं इंधन एसटीत न्यायचं नाही, पेट घेतं. आणि रिमोटवरचं विमान विकताना लक्षात ठेवायचं की २०२१ च्या ड्रोन नियमांत तेही येतं. चालू विमानतळापासून आठ किलोमीटरच्या आत ते परवानगीशिवाय उडवता येत नाही.

ट्रंक बंद करता करता ते हसले. "नादिष्ट माणसांचा जुना जोक आहे. माझी एकच भीती, मी गेल्यावर बायको हे सगळं मी तिला सांगितलेल्या किमतीला विकेल."

मीही हसले. ट्रंकेत वरच काकांची वही होती, एसटीत वाचायला म्हणून पर्समध्ये टाकली.

नांदेड ते लातूर एसटीने जायचं म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर. खिडकीबाहेर तूर, सोयाबीन आणि मधूनच मोकळा माळ. लोह्याजवळच्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडा, गाढव, उंट काहीही विकता येतं, कारण दात बघून वय सांगणारी माणसं तिथे हजर असतात. काकांच्या इंजिनांचे दात बघणारं कोण?

मला तळपदे आठवले. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे. १८९५ मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवर माणूस न बसवता विमान उडवलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, २०१५ मध्ये त्यावर 'हवाईजादा' सिनेमाही आला. खरं सांगायचं तर त्या उड्डाणाचा ठोस पुरावा नाही. वैमानिक शास्त्र नावाच्या ज्या पुस्तकाचं नाव त्यांच्याशी जोडलं जातं, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं. पण मला त्या गोष्टीचं शेपूट जास्त खरं वाटतं. ते गेल्यावर वारसांनी यंत्राचं सामान रॅली ब्रदर्स या कंपनीला विकून टाकलं, असं सांगतात. ते सामान असतं तर निदान कळलं असतं की माणसाने नक्की काय बनवलं होतं, उडणारं की न उडणारं. आता दोन्ही बाजूंनी नुसतं भांडायचं.

अहमदपूर गेलं आणि मी वही उघडली. प्रत्येक विमानाची तारीख, पंखाची लांबी, किती वेळा पडलं. २७ एप्रिल २०१७ ची नोंद: 'उडान' योजनेचं पहिलं नांदेड-हैदराबाद विमान बघायला लातूरहून मुद्दाम आलो, कुंपणाबाहेर उभा राहिलो. आणि शेवटच्या पानांवर हिशेब. दोन रकाने. एकावर 'खरे', दुसऱ्यावर 'घरी सांगितलेले'.

१९९६, जपानी रेडिओ सेट. खरे ९,८००. घरी सांगितलेले १,५००.

जोक संपला होता. चाकूर येईपर्यंत मी एकच विचार करत होते. काकूला खरे आकडे सांगितले नाहीत तर ती घरी सांगितलेल्या भावाने विकणार, त्याला मी तोंडाने हो म्हणणार. सांगितले तर गेलेल्या नवऱ्याची पंचवीस-तीस वर्षांची थाप उघडी पडणार. वही पर्समध्येच राहू द्यावी, असंही वाटलं.

लातूर. सोळा रस्ते एकत्र येतात त्या गंजगोलाईच्या अलीकडे उतरले. घरी निलंगा राईस तयार होता. तिखट, तेलाचा, पुणेरी पोटाची परीक्षा बघणारा. जेवले, आणि वही काकूपुढे ठेवली. दुसरं काही सुचलं नाही.

तिने चष्मा लावला. सगळी पानं सावकाश वाचली. रेडिओच्या ओळीवर बोट थांबलं.

"त्या वर्षी मी शिवणयंत्र मागितलं होतं," ती म्हणाली. "हात तंग आहे म्हणाले होते."

मी गप्प. काय बोलणार?

"उद्या ती पोरं येणारेत ना? सहाशेला नाही द्यायचं काही."

पोरं म्हणजे इंजिनिअरिंगचे तिघे, टेलिफोनवाल्या काकांनी शोधलेले. ते यायच्या आधी मी इंजिनं गरम केली, माझ्या हेअर ड्रायरने! आयुष्यात पहिल्यांदा त्या ड्रायरचं सार्थक झालं. पाच मिनिटांत पहिल्या इंजिनाचा पंखा बोटाने फिरला. सातपैकी पाच सुटली.

पोरांनी अंगणात एक इंजिन फळीला आवळलं. रॉकेल, इथर आणि एरंडेल, असं मिश्रण ते स्वतःच बाटलीत घेऊन आले होते. बोटाने पंख्याला झटके, एक, दोन, दहा. मग एकदम असा कर्कश आवाज की शेजारचे बाहेर. आणि तो वास. दवाखाना आणि तळण एकत्र केल्यासारखा. काकू पायरीवर बसली होती. तिने पदर नाकाला लावला, पण उठली नाही.

"रविवारी घरात हाच वास," ती म्हणाली. "मी ओरडायची."

भाव मात्र तिने केला. पोरांनी सगळ्यांचे मिळून चार हजार म्हटलं, तिने वही उघडून 'खरे' हा रकाना दाखवला. नऊ हजारांवर तुटलं. मला वाटलं होतं रेडिओला सगळ्यात जास्त येतील. एकाने तो उलटसुलट बघून परत ठेवला. "आजी, हा जुना. आता सगळे दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झवर. याला कोणी घेत नाही."

काकू माझ्याकडे बघत राहिली आणि मग खळखळून हसली, काका गेल्यापासून पहिल्यांदा. "म्हणजे खोटं बोलून आणलं तेच फुकट गेलं की गं!"

रेडिओ राहिला. वहीही. पोरांनी पावती म्हणून सगळ्या वस्तूंची यादी लिहून दिली, आणि ती यादी काकूने वहीच्या कोऱ्या पानात ठेवली. टेलिफोनवाल्या काकांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, परभणीला अशीच एक ट्रंक पडून आहे, माणूस चार वर्षांपूर्वी गेला, पुढच्या महिन्यात येशील का? ड्रायर घेऊन ये.

पोरांची व्हॅन भरली. मोठ्या विमानाचा पंख काही केल्या आत मावेना, खिडकीतून हातभर बाहेर. गाडी सुरू झाली तशी काकू फाटकापर्यंत धावली.

"ए पोरांनो, पंख आत घ्या आधी! रस्त्यावर ट्रक असतात!"